वाद न घालण्याची विद्या

मराठीच्या प्राध्यापकाला वाद घालण्याचा पगार मिळतो, असे माझे एक स्नेही थट्टेने म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. वर्गात शब्दांच्या अर्थावरून मुलांशी, चर्चासत्रांत एखाद्या कवीच्या काळावरून सहकाऱ्यांशी आणि बाजारात मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी वाद घालण्यात माझी चाळिशी उलटली. मुद्दा खरा असला आणि तो नीट मांडता आला, की समोरच्या माणसाला तो पटलाच पाहिजे, अशी माझी पक्की समजूत होती. ती किती खुळी होती हे मला माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीने शिकवले. पण वाचकहो, त्या शिकवणीची फी मी भरलेली नाही. ती माझ्या थोरल्या भावाने भरली. पंचवीस वर्षे, हप्त्याहप्त्याने.

ही हकीकत छापावी की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. अखेर दादालाच विचारले. त्याने परवानगी दिली, पण एका अटीवर. लेख छापायला पाठवण्याआधी त्याला वाचून दाखवायचा, आणि तो सांगेल ते बदलायचे. त्या अटीचे काय झाले ते शेवटी सांगतो.

पुलावरच्या गाड्या

आमचे गाव शहागड. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, गोदावरीच्या काठावर. धुळ्याहून सोलापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आमच्याजवळ नदी ओलांडतो. पूल संपला की बीड जिल्हा लागतो. वरच्या अंगाला पैठणचे जायकवाडी धरण. तेथून पाणी सोडले की आमचे पात्र दुथडी भरते. कापूस, ऊस आणि मोसंबी यांच्यावर गावाचा संसार चालतो. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरांची रांग लागते, आणि पुलावरच्या गाड्यांचा आवाज तर रात्रंदिवस थांबत नाही. गावच्या माणसाला तो ऐकूही येत नाही, इतका तो अंगवळणी पडलेला आहे.

दादाला मात्र तो एके दिवशी वेगळा ऐकू येऊ लागला. तेव्हा त्याचे वय तेवीस होते आणि माझे सतरा. नुकतीच त्याने मोसंबीची बाग धरली होती. हळूहळू त्याची झोप गेली, तो जेवणावरून मध्येच उठू लागला, आणि एके रात्री मला हलवून म्हणाला, "गाड्यांतली माणसं मला बोलायलेत. नाव घेऊन बोलायलेत."

पुढे जे व्हायचे ते झाले. कुणी म्हणाले बाहेरचे लागले, कुणी म्हणाले भानामती. आमचा मराठवाडा त्या शब्दासाठी प्रसिद्धच आहे. उतारे झाले, गंडेदोरे झाले, एका देवरुष्याने त्याला कडुनिंबाच्या फांदीने मारलेही. आज २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असला मार गुन्हा ठरला आहे. तेव्हा आम्ही त्याचे पैसे देऊन आलो. दीड वर्षानंतर एका शहाण्या पाहुण्याच्या सांगण्यावरून त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे नेले. गोळ्या सुरू झाल्या आणि दादाला झोप लागू लागली. तो पुन्हा बागेत जाऊ लागला. आवाज कमी झाले, पण गेले नाहीत.

एक गोष्ट तेव्हापासून बदलली ती कायमची. दादाने आपले अंथरूण ओसरीवर आणले आणि पुन्हा घरात पाऊल टाकले नाही. जेवण ओसरीवर, झोप ओसरीवर. सणावारी सगळे आत पंगतीला बसले तरी तो बाहेरच. धाकट्या भावाचे लग्न झाले, त्याला मुले झाली, पण दादाने त्या मुलांना कधी जवळ घेतले नाही. आम्ही म्हणायचो, घुमा आहे, ताठा आहे, आजाराने माया आटली आहे.

माझी उपचारपद्धती वेगळीच होती. मी त्याला पुरावे देत असे. एकदा तर मी त्याला घेऊन महामार्गावरच्या ढाब्यावर गेलो, एका मालट्रकच्या ड्रायव्हरला थांबवले आणि दादाकडे बोट करून विचारले, "या माणसाला तुम्ही ओळखता का?" ड्रायव्हर हसला आणि मान हलवून निघून गेला. मी विजयी मुद्रेने दादाकडे पाहिले. दादा शांतपणे म्हणाला, "तो खरं सांगंल का?" त्यानंतर कितीतरी वर्षे तो माझ्यापाशी आवाजांविषयी चकार शब्द बोलला नाही. मला वाटले, वाद मी जिंकला. आईचा मार्ग याच्या उलट. ती म्हणायची, "आहेत रे बाबा ती माणसं, देव बघून घेईल त्यांना." माझ्या बोलण्याने दादा गप्प होई, आईच्या बोलण्याने घाबरा होई. तिसरा काही मार्ग असेल असे आम्हां दोघांच्याही डोक्यात आले नाही.

शब्दांची अडचण

तीन वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी घरी आली. मराठी आणि मानसशास्त्र हे विषय घेऊन ती आमच्या कॉलेजातून बी.ए. झाली होती. पुढे मानसशास्त्रात एम.ए. करून ती रुग्णालयातल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाला लागली होती, आणि सायकोसिसवरच्या संवादोपचाराचा खास अभ्यास करीत होती. सायकोसिस म्हणजे वास्तवाशी असलेला धागा ज्यात सुटू लागतो असे मनाचे आजार. जे कुणी बोलत नाही ते ऐकू येणे, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी अढळ खात्री वाटणे, ही त्यांची लक्षणे. त्यांवरच्या या उपचाराला कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी म्हणतात; मराठीत कुणी बोधात्मक वर्तनोपचार म्हणतात. नाव जड आहे, पण काम बोलण्याचे आहे.

"सर, मला शब्द द्या," ती म्हणाली. "मी शिकते इंग्रजीतून, आणि माझे पेशंट बोलतात आपल्या बोलीत. पाठ्यपुस्तकात निर्वस्तुभ्रम आहे, संभ्रम आहे, छिन्नमनस्कता आहे. यांतला एक शब्द जरी मी पेशंटसमोर उच्चारला, तर तो उठून जाईल."

मी शब्दांचा माणूस. कोश काढून बसलो. पण थोड्याच वेळात आमची अडचण माझ्या ध्यानात आली. आमच्याकडे एका टोकाला संस्कृत कारखान्यातले शब्द आहेत आणि दुसऱ्या टोकाला वेडा, खुळा, पिसाट, लागीर झालेला असे शिवीवजा शब्द. मधली जागा रिकामी. 'छिन्नमनस्कता' हा शब्द ज्या 'स्किझोफ्रेनिया'चे भाषांतर आहे तो १९०८ साली ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टराने ग्रीक शब्दांवरून घडवला. त्याचा अर्थ दुभंगलेले मन. तुमच्या मुलाचे मन फाटले आहे, असे कोणत्या आईला सांगावे? जपानातही या आजाराचे जुने नाव असेच होते. रुग्णांच्या कुटुंबीयांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि २००२ साली तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने ते बदलले. मनाचा मेळ बिघडण्याचा विकार, अशा आशयाचे नवे नाव आले, आणि डॉक्टरही रुग्णाला त्याचा आजार मोकळेपणाने सांगू लागले. शब्द बदलल्याने आजार बरा होत नाही, पण त्याच्याविषयी बोलता येऊ लागते.

१९५२ सालच्या दोन गोष्टी

त्या मुलीने मला या विद्येचा इतिहास सांगितला. तो एखाद्या कादंबरीत शोभावा असा आहे.

१९५२ साली पॅरिसमध्ये झां दले आणि पिएर दनिकेर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिले आणि मनोरुग्णालयांचे रूप पालटले. दादाच्या गोळ्या त्याच घराण्यातल्या. त्याच वर्षी अमेरिकेत आरन बेक या तरुण डॉक्टराने एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. रुग्ण माजी सैनिक होता. आपल्या भोवतीची पन्नासेक माणसे सरकारी हेर असून आपल्यावर पाळत ठेवून आहेत, अशी त्याची खात्री होती. बेकने त्याला खोटे पाडले नाही. आठ महिन्यांत तीस भेटी घेतल्या. ही शंका कधी सुरू झाली, त्याआधी काय घडले होते, एकेका माणसावर संशय का येतो, हे त्याच्याच बरोबरीने तपासले. शेवटी शेवटी त्या रुग्णाच्या यादीत दोनतीनच हेर उरले होते.

औषधाची कीर्ती जगभर झाली; बोलण्याची गोष्ट मागे पडली. असल्या रुग्णाशी त्याच्या समजुतींविषयी बोलू नये, बोलल्याने त्या पक्क्या होतात, असाच रिवाज होता. बेक स्वतः उदासीनतेच्या आजाराकडे वळला आणि तिथे त्याने नाव कमावले. चाळीस वर्षांनी, १९९०च्या सुमारास, ब्रिटनमध्ये डेव्हिड किंग्डन, डग्लस टर्किंग्टन, फिलिपा गॅरेटी, निकोलस टॅरिअर आदी मंडळींनी ते काम नव्या जोमाने हाती घेतले. १९९४ मध्ये पॉल चॅडविक आणि मॅक्स बर्चवुड यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. आवाज ऐकणाऱ्याचा त्रास केवळ आवाजावर अवलंबून नसतो. तो आवाज कुणाचा आहे, त्याच्या अंगी किती सामर्थ्य आहे, त्याचे न ऐकल्यास काय होईल, याविषयी ऐकणाऱ्याची जी समजूत असते तिच्यावर तो बराचसा अवलंबून असतो. आवाज थांबवता आला नाही तरी ही समजूत सैल करता येते. २०१४ सालच्या ब्रिटिश मार्गदर्शिकेने प्रत्येक सायकोसिसच्या रुग्णाला, औषधांच्या जोडीने, निदान १६ भेटींचा हा उपचार देऊ करावा असे सांगितले. ही जादू मात्र नव्हे. त्याचा गुण माफक असतो आणि सर्वांनाच येतो असे नाही, हेही अभ्यासकांनी मोकळेपणाने लिहिले आहे.

या विचारांच्या घराण्याशी महाराष्ट्राची ओळख जुनी आहे. बेकच्या आधीच न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी, माणसाला प्रसंग दुःख देत नाही, प्रसंगाविषयीची त्याची समजूत देते, या सूत्रावर आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी केली होती. आपले कि. मो. फडके यांनी १९६८ पासून एलिसशी पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली. टपालाने शिकलेल्या या विद्येत ते इतके पारंगत झाले की, एलिसच्या संस्थेने त्यांना मान्यता दिली, आणि पुढे त्यांनी असंख्य लोकांना तिचे शिक्षण दिले. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या संस्थेने ती घरोघर पोचवली. म्हणजे ही भाषा मराठीला परकी नाही. सायकोसिसच्या आजाऱ्यासाठी ती वापरणारी माणसे मात्र आपल्याकडे थोडी आहेत.

शिकवतात तरी काय?

मी त्या मुलीला विचारले, "बोलायला काय शिकायचे? बोलतो तर सगळेच." ती हसली. दुसऱ्या दिवशी तिने मला एक प्रयोग करायला लावला. माझ्या दोन्ही कानांशी एकेक विद्यार्थी बसवला. एकाने सतत पुटपुटायचे, "हा काय सांगणार, याला काही येत नाही." दुसऱ्याने मी करीन त्या हालचालीचे वर्णन करायचे. आणि मी तिला आठवड्याच्या बाजाराची यादी सांगायची. वाचकहो, वीस वर्षे वर्गात बोलणारा मी, तिसऱ्या मिनिटाला गूळ आणि गोडेतेल यांच्यामध्ये अडखळलो आणि चिडून उठलो. "दादा असा पंचवीस वर्षे बागेत काम करतो," हे माझ्या तोंडून आपोआप गेले. तिला दादाची गोष्ट कळली ती तेव्हा.

हा प्रयोग त्यांच्या शिक्षणाचा भाग आहे. पुढचे शिक्षण याहून कसोटीचे. विद्यार्थ्याने रुग्णाच्या संमतीने संभाषण ध्वनिमुद्रित करायचे आणि गुरूने ते ऐकायचे. बारा बाबींवर, प्रत्येकी शून्य ते सहा, असे गुण द्यायचे. भेटीचा कार्यक्रम रुग्णाच्या सल्ल्याने ठरवला का? त्याचे म्हणणे त्यालाच पुन्हा सांगून खातरजमा केली का? प्रश्न असे विचारले का, की उत्तर त्याचे त्यालाच सापडेल? घरी करायचा अभ्यास दिला का? 'वादात जिंकलात का?' अशी बाब त्या बारांत नाही.

पहिली पायरी ओळखीची. अनेकदा चार चार भेटी नुसत्या पाऊसपाण्याच्या गप्पांत जातात. दुसरी पायरी लाज घालवण्याची. आवाज ऐकू येणे हे वाटते तितके दुर्मिळ नाही. १९७१ साली वेल्समधील डॉ. रीस यांनी जोडीदार गमावलेल्या २९३ स्त्रीपुरुषांना विचारले, तेव्हा जवळजवळ निम्म्यांनी गेलेल्या माणसाचे अस्तित्व या ना त्या रूपाने जाणवते असे सांगितले. वडील गेल्यावर वर्षभर माझ्या आईला त्यांचे खोकणे ऐकू येई. तिला कुणी देवरुष्याकडे नेले नाही. तिसरी पायरी प्रसंग, अर्थ आणि परिणाम यांची फोड करण्याची. आवाज काय म्हणाला, तुम्ही त्याचा काय अर्थ लावला, मग काय वाटले आणि काय केले? चौथी पायरी परीक्षेची. समजूत किती खरी वाटते, शंभरात किती, ते रुग्णानेच सांगायचे आणि एखाद्या छोट्या अनुभवाने ती ताडून पाहायची.

मी विचारले, "पण हे सगळे विलायतेचे. शहागडला चालेल?" तिने मला दोन अभ्यासांची माहिती दिली. टॅनिया लुहरमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतील सॅन मॅटिओ, घानातील आक्रा आणि आपले चेन्नई येथे आवाज ऐकणाऱ्या प्रत्येकी २० रुग्णांशी बोलून २०१५ साली निष्कर्ष मांडले. अमेरिकन रुग्णांना आवाज म्हणजे डोक्यात घुसलेला हल्लेखोर वाटे. चेन्नईच्या पुष्कळांना मात्र ते आपल्या नात्यातल्या माणसांचे वाटत. ते आवाज रागावत, पण कामेही सांगत. म्हणजे माणूस जिथे वाढतो तिथलीच भाषा त्याचे आवाज बोलतात. दुसरा अभ्यास पाकिस्तानातला, त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला. फारूक नईम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उपचार तिथल्या चालीरीतींना जुळवून घेतला, भेटी सहावर आणल्या आणि घरच्या माणसांसाठी एक वेगळी भेट ठेवली. ११६ रुग्णांवरच्या त्या चाचणीत गुण दिसून आला.

दादाचा प्रश्न

मी तिला सरळच म्हणालो, "मग तू दादाला बघ." तिने ठाम नकार दिला. "मी अजून शिकतेय, सर. आणि तुम्ही माझे सर आहात. तुमच्या घरात मी उपचार करणं बरोबर नाही. माझ्याबरोबर शिकून तयार झालेला एक जण छत्रपती संभाजीनगरला आहे, त्याच्याकडे जा. दादांच्या गोळ्या बंद करू नका. आणि तुम्ही उपचार करू नका. तुम्ही फक्त वाद घालणं थांबवा आणि विचारा."

"काय विचारू?"

"आवाज आहेत की नाहीत हे पंचवीस वर्षं सांगितलंत. ते काय म्हणतात हे कधी विचारलंत का?"

मी विचारले नव्हते. घरात कुणीच विचारले नव्हते.

त्या शनिवारी मी शहागडला गेलो. संध्याकाळी दादाबरोबर नदीवर गेलो. पुलावरून गाड्या जातच होत्या. बऱ्याच वेळाने मी विचारले, "दादा, ती माणसं काय म्हणतात रे तुला?"

त्याने माझ्याकडे पाहिले. "आता कामून विचारायलास?"

"मला ठाऊक नाही म्हणून."

तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आत जाऊ नको म्हणतेत. तू आत गेलास की लेकरू दगावंल म्हणतेत."

माझ्या पोटात खड्डा पडला. दादा आजारी पडला त्याच वर्षी आमची आक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि तिचे लेकरू आठ दिवसांचे होऊन आमच्या घरात गेले होते. आदल्या संध्याकाळी दादाने त्याला मांडीवर घेतले होते. हे मला माहीत नव्हते. त्याने त्या दिवशी सांगितले. ज्या माणसाला आम्ही ताठर म्हणत होतो, ज्याची माया आटली असे समजत होतो, तो पंचवीस वर्षे थंडीपावसात ओसरीवर झोपला तो आमची लेकरे जगावीत म्हणून. तो राखण करीत होता, आणि आम्ही त्याला माणूसघाणा म्हणत होतो.

तेव्हा तोंडावर आलेले वाक्य मी गिळले. 'अरे, असे कधी असते का?' हेच ते वाक्य. त्याऐवजी मी म्हणालो, "एवढं ओझं एकट्यानं वाहिलंस." दादाने नुसती मान हलवली.

उंबरठा

पुढे दादा एस.टी.ने उपचाराला जाऊ लागला. पहिल्या चार भेटी मोसंबीवरच झाल्या. तो तरुण मानसतज्ज्ञ शेतकऱ्याचाच मुलगा निघाला. पाचव्या भेटीत आवाजांची गोष्ट निघाली. आपण आत गेलो तर लेकराला अपाय होईल ही खात्री किती, असे विचारल्यावर दादा म्हणाला, "शंभरात पंच्याण्णव." मग दोघांनी मिळून ठरवले की, घरात मुले असताना पाच मिनिटे उंबरठ्यावर बसायचे, काय होईल असे वाटते ते आधी वहीत लिहायचे, आणि दुसऱ्या दिवशी काय झाले ते लिहायचे. धाकट्या भावाची बायको दाराशी उभी राहिली, मुलांना जवळ घेऊन. ती मुलांची आई. तिने उभे राहणे ही साधी गोष्ट नव्हती. त्या रात्री दादाला झोप आली नाही. पहाटे तो दोनदा दाराशी येऊन मुलांच्या श्वासाचा कानोसा घेऊन गेला. वहीत त्याने लिहिले, "मुले शाळेत गेली."

हे वाक्य त्या वहीत आता पुष्कळ वेळा आहे. सोळा भेटी संपल्या तेव्हा पंच्याण्णवाचे पंचेचाळीस झाले होते. आवाज अजून येतात. गोळ्या चालू आहेत. दादा अजून ओसरीवरच झोपतो. ती त्याला आवडते म्हणतो. पण गेल्या दिवाळीत पाडव्याला माझ्या पुतणीने फराळाचे ताट आत ठेवले आणि हाक मारली, "मोठे बाबा, इथं बसा." दादा उंबरठ्याच्या आत बसून चकली खाऊन गेला. दहा मिनिटे असतील. कुणी काही बोलले नाही. आई तेवढी पदर डोळ्याला लावून चुलीकडे वळली.

दादाच्या नशिबी हे आले ते एका विद्यार्थिनीच्या शब्दांच्या अडचणीमुळे. दर वेळी असा योग कसा यावा? २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांतल्या प्रौढांपैकी १.४ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी असा आजार झाल्याचे आढळले, आणि आजाऱ्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश उपचारावाचून होते. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही राज्याची जुनी मनोरुग्णालये. त्यांतले एकही मराठवाड्याच्या वाट्याला आले नाही. १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, २०१७च्या कायद्याने उपचार हा हक्क ठरला, आणि २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानसची फुकट मदत मिळते. हे सारे चांगलेच आहे. पण बोलण्याच्या उपचाराला बोलणारी माणसे लागतात, आणि ती महिन्याभरात तयार होत नाहीत.

सगळे काम तज्ज्ञांनीच करावे असेही नाही. गोवा, तामिळनाडू आणि महाराष्ट्रात २८२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गावातल्याच साध्या कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर पाठवले होते. ज्यांना ती सोबत मिळाली त्यांची प्रकृती नुसत्या दवाखान्याच्या उपचारापेक्षा काहीशी अधिक सुधारली. अशा कार्यकर्त्यांना आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या तज्ज्ञांना शिकवायचे तर ते आपल्या भाषेतच शिकवावे लागेल. ध्वनिमुद्रण मराठीत ऐकणारा गुरू हवा. 'बोलायलेत' आणि 'बोलतात' यांतला फरक कळणारा परीक्षक हवा. आम्ही मराठीचे प्राध्यापक परिभाषा समित्यांवर बसून शब्द पाडतो. आता मी त्या मुलीबरोबर महिन्यातून एक दिवस बसतो, आणि आम्ही शब्द पाडत नाही. तिच्या रुग्णांनी स्वतःच्या दुखण्याला दिलेले शब्द, त्यांच्या संमतीने आणि नावे गाळून, टिपून ठेवतो. वही निम्मी भरली आहे.

आता ती अट. गेल्या आठवड्यात ओसरीवर बसून मी हा लेख दादाला वाचून दाखवला. देवरुष्याच्या माराचे त्याने काढायला सांगितले नाही. ढाब्यावरच्या ड्रायव्हरपाशी तो हसला. मूळ लेखात मी जागोजाग 'दादाचे भास' असे लिहिले होते. तिथे त्याने मला थांबवले.

"भास कामून लिहिलंस? मला ऐकू येतंय. आवाज लिही." मग जरा थांबून म्हणाला, "खोटं बोलतेत, ती गोष्ट येगळी."

मी पेन काढले आणि तो शब्द सगळीकडे खोडला.